झाकली मूठ आणि एक्केचाळीस टेराबाइट

कंपन्यांना माणसं पुरवणाऱ्या दोन एजंटांनी एकाच कामासाठी एकाच माणसाला दोन वेगवेगळ्या भावांनी विकायला काढलं आणि क्लायंटने दोघांनाही वाटेला लावलं. तो माणूस मी. असं बऱ्याच कॉन्ट्रॅक्टरांच्या बाबतीत घडत असणार, पण पडद्यामागे काय झालं ते सहसा कळत नाही. फोन यायचा बंद होतो, बस. मला ते निव्वळ योगायोगाने कळलं, म्हणून इथे सगळं मांडतोय.

मी डेटाबेस मायग्रेशनची कामं करतो. जुन्या ओरॅकल डेटाबेसमध्ये वर्षानुवर्षं साचलेला डेटा पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर न्यायचा, वाटेत काही सांडलं नाही ना ते तपासायचं, आणि निघायचं. काम कधी सहा महिन्यांचं, कधी वर्षभराचं. (कंत्राटदार म्हटलं की सिमेंटच्या गोण्या डोळ्यांसमोर येतात, म्हणून आपलं कॉन्ट्रॅक्टरच.) कायमच्या नोकरीतल्या माणसाला एजंटाची गाठ पाच-सात वर्षांतून एकदा पडते. आम्हाला दर वर्षी पडते, त्यामुळे त्यांची भाषा पाठ झालेली असते. ‘एक्साइटिंग रोल’ म्हणजे आधीचा माणूस सोडून गेलाय. ‘क्लायंट फार घाईत आहे’ म्हणजे घाई एजंटाला आहे.

तर हातातलं काम संपायला तीन आठवडे उरले होते. सोमवारी सकाळी फोन आला.

“सर, तुमच्या प्रोफाइलला एकदम मॅच होणारं काम आहे. बँकिंगमधला मोठा क्लायंट.”

“कोणता?”

“नाव आत्ता नाही सांगता येणार सर, कॉन्फिडेन्शियल आहे. सीव्ही पाठवा, शॉर्टलिस्ट झालात की लगेच सांगते.”

रेट तिने आधीच ठरवून आणला होता. तो आपण इथे १०० धरू. खरा आकडा महत्त्वाचा नाही, प्रमाण महत्त्वाचं. सीव्ही वर्ड फाइलमध्येच हवा, पीडीएफ चालणार नाही, असंही तिने दोनदा बजावलं. का, ते पुढे येईल. कामाचं वर्णन मेलवर आलं. एक्केचाळीस टेराबाइट डेटा, नऊ महिन्यांची मुदत, रात्रीच्या वेळी कटओव्हर, म्हणजे जुनं बंद करून नव्यावर जाणं. काम आवडलं. मी सीव्ही पाठवला.

बुधवारी दुसऱ्या एजन्सीतून एकाचा फोन. याचा क्लायंट ‘विमा क्षेत्रातला’, मुदत ‘साधारण वर्षभर’, आणि रेट ११२. मी विचारलं, “हे काम मला आधीच कुणी दाखवलेलं असू शकतं. नाव सांगितलंत तर मी लगेच हो किंवा नाही सांगू शकेन.”

“सर, हे एक्स्क्लुझिव्ह आहे. फक्त आमच्याकडेच.”

इथे माझी चूक झाली. बँक वेगळी, विमा वेगळा, मुदत वेगळी, रेट वेगळा, त्यात ‘एक्स्क्लुझिव्ह’ हा शब्द. मी मान डोलावली. त्यालाही सीव्ही गेला, वर्डमध्येच.

शुक्रवारी दुपारी तोच दुसरा एजंट फोनवर तापलेला. “सर, तुम्ही आधीच दुसऱ्यांकडून सबमिट झालाय! सांगायचं नाही का? माझी इज्जत गेली क्लायंटकडे.” ज्याने मला नाव सांगायला नकार दिला, तोच मला विचारत होता की ते नाव मी त्याला का सांगितलं नाही. पहिल्या बाईंना फोन केला तर त्यांनी उचलला नाही. सोमवारी एका ओळीचा मेसेज आला: ‘रोल ऑन होल्ड’. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तो असा.

त्या रात्री दोन्ही मेल शेजारी शेजारी उघडले. वर्णनांची वाक्यं बदललेली होती, परिच्छेद मागेपुढे केलेले होते, एकात पाल्हाळ होता तर दुसऱ्यात नुसते मुद्दे. पण दोन्हींत ‘एक्केचाळीस टेराबाइट’ होतं. आणि दोन्हींत ‘मायग्रेशन’ या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमधलं एक अक्षर गळालेलं होतं, तेही एकाच ठिकाणी, कटओव्हरच्या वाक्यात. म्हणजे दोघांनीही क्लायंटचा मूळ कागद उचलला, त्याला आपापले कपडे चढवले, पण क्लायंटची चूक दोघांनाही दिसली नाही. बुधवारी सीव्ही पाठवण्याआधी दोन मिनिटं काढून दोन्ही मेल ताडून पाहिले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण तीन आठवड्यांत काम संपणार असलेला माणूस ताडून पाहत नाही, पाठवून मोकळा होतो. एजंटांनाही हे ठाऊक असतं.

क्लायंटच्या बाजूने काय दिसलं

सहा-सात आठवड्यांनी एका जुन्या सहकाऱ्याने मला त्याच्या ओळखीच्या एका मॅनेजरशी भेटवलं. बोलता बोलता त्यांचं मायग्रेशनचं काम निघालं, एक्केचाळीस टेराबाइट निघाले, आणि आम्ही दोघेही थांबलो. माझं नाव ऐकल्यावर ते हसले. “तुम्ही होय ते!” म्हणाले आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

पडद्यावर माझे दोन सीव्ही होते. एकावर पहिल्या एजन्सीचा लोगो, माझं आडनाव फक्त आद्याक्षराने, फोन आणि मेल गायब. वर्ड फाइल त्यासाठी हवी होती. दुसऱ्यावर दुसऱ्या एजन्सीचा लोगो. पहिल्यात माझा अनुभव अकरा वर्षांचा होता, दुसऱ्यात चौदा. चौदा खरा. आणि पहिल्यात ‘कॅसँड्रा, सहा वर्षे’ अशी एक ओळ होती. कॅसँड्रा हा तिसराच डेटाबेस, त्याला मी आयुष्यात हात लावलेला नाही.

मग त्यांनी रेटचे आकडे सांगितले. पहिल्या एजन्सीने माझे १४२ मागितले होते, दुसरीने १३१. म्हणजे मला १०० देऊ करणारी एजन्सी क्लायंटच्या प्रत्येक पैशातले जवळपास तीस टक्के स्वतःकडे ठेवणार होती. मला ११२ देऊ करणारी साडेचौदा टक्क्यांच्या आसपास. जी मला कमी देत होती तीच त्यांच्याकडून जास्त घेत होती.

एक गोष्ट एजन्सीच्या बाजूने. हा सगळाच नफा नसतो. क्लायंट पैसे दोन-तीन महिन्यांनी देतो आणि एजन्सीला मला दर महिन्याला द्यावे लागतात. मधलं भांडवल ती घालते, कागदपत्रं ती सांभाळते. त्यामुळे मार्जिनवर, म्हणजे या मधल्या फरकावर, माझा राग नाही. राग आहे तो ते लपवल्यामुळे जे झालं त्यावर. कारण मॅनेजर पुढे म्हणाले:

“तुमच्याबद्दल आमचं मत काय झालं सांगू? हा माणूस एकच माल दोन दुकानांत दोन भावांनी लावतोय. वर एका सीव्हीत अकरा वर्षं, दुसऱ्यात चौदा. असल्या माणसाच्या हातात आमचा डेटा कोण देईल?”

ऐकून मी गार झालो. आजवर मला वाटायचं की एजंटाच्या गुप्ततेची किंमत म्हणजे माझा वाया गेलेला वेळ, फार तर हुकलेलं एखादं काम. इथे दोघांनी लपवलं आणि लबाड मात्र मी ठरलो. ना मला क्लायंटचं नाव माहीत होतं, ना त्यांना माझा खरा रेट. मधल्या दोघांनाच सगळं माहीत होतं, आणि ते दोघे एकमेकांच्या नजरेस पडू नयेत म्हणून धडपडत होते.

नकार कसा आला तेही तेव्हा कळलं. मोठ्या कंपन्यांत सीव्ही मॅनेजरच्या मेलवर जात नाहीत. मध्ये एक पोर्टल असतं, बहुधा ते चालवणारी तिसरीच संस्था असते, आणि एजंटाला मॅनेजरशी थेट बोलायलाही बंदी असते. उमेदवार आधी कुणी चढवला याची वेळ पोर्टल नोंदवून ठेवतं. एजंट ‘आत्ताच्या आत्ता पाठवा’ म्हणतो ते त्यासाठी: उमेदवार आधी आपल्या नावावर लागला पाहिजे, सांगणं-विचारणं नंतर. बऱ्याच ठिकाणी जो पहिला त्याचा उमेदवार, इतकाच नियम असतो. या कंपनीत मात्र एकच माणूस दोन एजन्सींकडून आला की दोन्ही नोंदी रद्द. कमिशन कुणाचं या भांडणात त्यांना पडायचं नव्हतं, आणि त्यांच्या जागी मीही पडलो नसतो.

नाव का लपवतात

पहिल्या एजंट बाईंशी पुढे कधीतरी नीट बोलणं झालं. तोवर त्यांनी ती एजन्सी सोडली होती, त्यामुळे मोकळेपणाने बोलल्या. कॅसँड्राबद्दल विचारलं तर म्हणाल्या, ते टीम लीडने घातलं, मी पाहिलं नाही. असेलही. पण नाव न सांगण्याबद्दल त्यांनी जे सांगितलं ते मला पटलं.

सुरुवातीच्या वर्षी त्यांनी एका कॉन्ट्रॅक्टरला क्लायंटचं नाव सांगितलं. त्याने संध्याकाळी क्लायंटलाच फोन लावला, कमिशन वाचवण्याचं आमिष दाखवलं आणि थेट काम मिळवलं. बाईंचा तीन आठवड्यांचा पाठपुरावा पाण्यात गेला. दुसऱ्या एकदा एक ‘उमेदवार’ फार उत्साहाने कंपनीचं नाव, मॅनेजरचं नाव, टीम केवढी आहे ते सगळं विचारत होता. तो निघाला समोरच्या एजन्सीचा माणूस. “सर, आमच्याकडे विकायला दुसरं आहे काय? ते नाव म्हणजेच आमचा माल,” बाई म्हणाल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि त्यांची ती खरोखरच तेवढ्याची असते.

आणखी एक कारण त्यांनी सांगितलं नाही, मीच विचारलं: कधीकधी नाव सांगण्यासारखं काम हातात असतंच असं नाही ना? त्या हसल्या. क्लायंटने काही मागितलेलं नसतं. एखादा चांगला सीव्ही हातात आला की तो घेऊन एजंट क्लायंटचं दार ठोठावतो, ‘असा माणूस आहे, बघता का?’ म्हणून. म्हणजे माझा सीव्ही उमेदवारी म्हणून गेलेलाच नसतो, एजन्सीचं व्हिजिटिंग कार्ड म्हणून गेलेला असतो. कधी तर कामच नसतं. बाजारात रेट काय चाललाय, कोण मोकळं आहे, एवढंच चाचपायचं असतं.

या गुप्तता माझ्या लेखी एका तागडीत बसत नाहीत. नाव दोन दिवस झाकून ठेवणं हा धंदा आहे, ते मी समजू शकतो. मार्जिन झाकणं त्रासदायक, पण कुठला दुकानदार खरेदीची पावती दाखवतो? काम अस्तित्वात आहे की नाही हेच झाकणं मात्र फसवणूक, आणि माझ्या सीव्हीत मी न केलेली सहा वर्षं घुसवणं तर त्याहून पुढचं. अडचण ही की फोनवर या चारही गोष्टी एकाच वाक्याआड लपतात: ‘सॉरी सर, कॉन्फिडेन्शियल आहे.’

खरोखरची गोपनीय कामंही असतात, हे मान्य. जागेवरच्या माणसाला काढणार हे त्याला अजून सांगितलेलं नसतं, किंवा एखादा विभाग बंद व्हायचा असतो. पण अशा वेळी जाणता एजंट कारण सांगतो. नाव नाही, पण कारण सांगतो.

उलट दिशेने मात्र गुप्ततेची कुणालाच पर्वा नसते. ‘सध्या आणखी कुठे इंटरव्ह्यू चालू आहेत सर?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक फोनवर येतो, आपुलकीच्या सुरात. एकदा मी भोळेपणाने उत्तर दिलं होतं. दुसऱ्याच दिवशी त्या क्लायंटकडे माझ्याच कामासाठी त्याच एजन्सीचे आणखी दोन उमेदवार पोचले. आधीच्या मॅनेजरांची नावं ‘रेफरन्स’साठी मागतात, इंटरव्ह्यू व्हायच्याही आधी, त्यांतल्या निम्म्यांना रेफरन्सचा फोन जात नाही, धंद्याचा जातो. ताकाला जाऊन भांडं लपवणारे लोक पाहिलेत. हे स्वतःचं भांडं लपवून आपल्यालाच ताक मागतात.

नियम काय म्हणतात

ब्रिटनने एजन्सींसाठी २००३ साली केलेले नियम या बाबतीत बरेच स्पष्ट आहेत. उमेदवार पुढे करण्याआधी एजन्सीने क्लायंटकडून माहिती मिळवायची: तो कोण, धंदा काय, काम कुठे, केव्हापासून, किती दिवस, वेळा काय, धोके काय. आणि काम देऊ करताना ती उमेदवाराला सांगायची. हातात खरं काम नसताना जाहिरात करायलाही मनाई आहे. पण स्वतःच्या कंपनीमार्फत काम करणारा कॉन्ट्रॅक्टर या संरक्षणातून लेखी बाहेर पडू शकतो, आणि तो ‘बाहेर पडतो’चा कागद बरेचदा बाकीच्या कागदांबरोबर सहीसाठीच पुढे येतो. शिवाय नियम ‘देऊ करताना’ म्हणतो. एजंट म्हणतो, आत्ता कुठे देऊ करतोय, आत्ता तर फक्त सीव्ही मागतोय.

युरोपीय संघात डेटा संरक्षणाच्या कायद्याचा, म्हणजे जीडीपीआरचा, हात धरता येतो. तो २५ मे २०१८ पासून लागू आहे, आणि १२ जानेवारी २०२३ ला युरोपीय न्यायालयाने ऑस्ट्रियाच्या टपाल कंपनीच्या खटल्यात सांगितलं की माझी माहिती कुणाला दिली असं मी विचारलं तर, काही अपवाद सोडता, ‘आमचे ग्राहक’ असं मोघम उत्तर चालणार नाही, नेमकी नावं द्यावी लागतील. खटल्याचा एजंटांशी काही संबंध नव्हता. पण सीव्ही म्हणजे माझी माहितीच आहे. उत्तराला एक महिन्याची मुदत असते, त्यामुळे चालू कामासाठी याचा उपयोग शून्य. तुमचा सीव्ही कुठे कुठे हिंडतोय ते कळायला मात्र चांगलाच उपयोग.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारानुसार, काही अपवाद सोडता, एजन्सीने कामगाराकडून फी घ्यायची नाही. योग्यच आहे. फक्त त्यातून एक गोष्ट आपोआप येते: एजंटाला पैसे क्लायंट देतो. मी त्याचा ग्राहक नाही, माल आहे. हे एकदा नीट डोक्यात बसलं की एजंटावरचा अर्धा राग उतरतो, आणि उरलेला अर्धा कामाला लावता येतो.

नंतर काय केलं

त्यानंतर मी सीव्ही पीडीएफमध्येच देतो, आणि नाव कळल्याशिवाय देत नाही. वर्ड हवाच असेल तर पाठवण्यापूर्वीची तुमची प्रत मला दाखवा, असं सांगतो. काही एजंट तिथेच फोन ठेवतात. ठेवू देत.

मात्र नाव मागताना मोबदल्यात काहीतरी द्यावं लागतं, हे त्या बाईंशी बोलल्यावर कळलं. त्यांची भीती खरी आहे, मग तिच्यावर इलाज मीच का देऊ नये? फोन चालू असतानाच मी मेल टाकतो: अमुक क्लायंट, अमुक काम, अमुक रेट; यासाठी माझं नाव पुढे करायचा हक्क फक्त तुम्हाला; या कामासाठी सहा महिने मी थेट जाणार नाही; दुसरीकडे कुठेही पाठवण्याआधी मला विचाराल. क्लायंटच्या नावाची जागा रिकामी ठेवतो आणि म्हणतो, उत्तरात एवढी जागा भरून पाठवा. आश्चर्य म्हणजे बरेच जण भरतात. वचन लेखी मिळालं की त्यांनाही बरं वाटतं. पुढचं काम मला ज्या एजंटकडून मिळालं तिने तर मेल यायच्या आधीच, फोनच्या दुसऱ्या मिनिटाला नाव सांगितलं. म्हणाली, “तुम्ही असेही शोधून काढणारच.”

शिवाय एक साधी वही. तारीख, एजन्सी, क्लायंट, रेट, आणि वर्णनातली एखादी विचित्र ओळ जशीच्या तशी. नाव लपवता येतं, वर्णनातला अंगठ्याचा ठसा लपत नाही.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात एका अनोळखी एजन्सीतून फोन आला. मोठा क्लायंट, नाव कॉन्फिडेन्शियल, एक्स्क्लुझिव्ह. मी म्हटलं, आधी वर्णन पाठवा. मेल आला. डेटा आता बावन्न टेराबाइट झाला होता. कटओव्हरच्या वाक्यातलं ते अक्षर अजून गळालेलंच होतं.

मी फोन करून क्लायंटचं नाव सांगितलं, मॅनेजर कोण तेही सांगितलं. पलीकडे बराच वेळ कीबोर्डचाही आवाज नाही.

“सर,” शेवटी तो मुलगा हळूच म्हणाला, “तुम्ही आमच्याच ऑफिसातल्या कुणाला ओळखता का?”